बळाची मोटार आणि चपळाईची मोटार

खानदेशातून सुरतेकडे जाणारा हमरस्ता नवापूर, सोनगड, व्यारा ही गावे मागे टाकीत बारडोलीस येतो. १९२८ सालच्या शेतकऱ्यांच्या सत्याग्रहाने हे नाव साऱ्या देशास ठाऊक झाले. आज ऊस, साखर आणि परदेशी गेलेली माणसे ही या गावाची ओळख आहे. या भागातील कितीतरी पाटीदार कुटुंबे अमेरिकेत मोटेलच्या धंद्यात स्थिरावली आहेत. हिवाळ्यात ती गावी येतात, तेव्हा तिकडच्या मोटारींच्या गोष्टीही येतात आणि एक जुना वाद येथील तरुणांच्या कानी पडतो. अमेरिकेची ‘मसल कार’ श्रेष्ठ, की युरोपातून तेथे आयात होणारी ‘स्पोर्ट्स कार’?

वाद रंगतो खरा. पण तो बहुधा अश्वशक्तीच्या आकड्यांवर येऊन थांबतो. आणि आकडे, पुढे दिसेल त्याप्रमाणे, फारसे विश्वासाचे साक्षीदार नव्हेत.

मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या, घरगुती वापराच्या मोटारीत बसविलेले प्रचंड इंजिन. स्पोर्ट्स कार ही मुळातच दोघांपुरती, हलकी, बुटकी, वळणावळणाच्या रस्त्यासाठी घडविलेली मोटार. उसाच्या भरल्या गाडीस जुंपलेली बैलजोडी आणि टांग्याचा घोडा यांची तुलना येथे उपयोगी पडेल. मोठे सिलिंडर इंजिनाचा फेरा मंद असतानाच जबर ओढ देतात. लहान इंजिनास तेवढी ओढ नसते. ते मिनिटाला अधिक फेरे घेऊन आपली शक्ती भरून काढते. १९६४ सालच्या पोंटिॲक जीटीओ या गाडीचे आठ सिलिंडरांचे इंजिन ६.४ लिटरचे होते व त्याची शक्ती ३२५ अश्वशक्ती सांगितली जाई. त्याच साली विक्रीस आलेल्या जर्मन पोर्शे ९११ चे इंजिन अवघ्या २ लिटरचे आणि १३० अश्वशक्तीचे होते. दर लिटरमागे हिशेब केला, तर जर्मन इंजिन अधिक काम करीत होते.

हा भेद दोन राष्ट्रांच्या स्वभावातून निघाला असे म्हणण्याचा मोह होतो. खरे कारण मात्र करवसुलीच्या कचेरीत सापडते. ब्रिटनमध्ये १९२१ पासून मोटारीवर दर अश्वशक्तीस एक पौंड कर होता. ही अश्वशक्ती इंजिन चालवून मोजीत नसत. सिलिंडरांची संख्या आणि त्यांचा व्यास यांवरून गणिताने काढीत. सिलिंडराच्या आतील दट्ट्या किती लांब ये-जा करतो, याचा त्या गणितात विचारच नव्हता. साहजिकच तेथील कारागिरांनी अरुंद सिलिंडर आणि लांब दट्टाफेरीची लहान इंजिने बनविली. हा कर दुसऱ्या महायुद्धानंतर रद्द झाला, पण हाताला लागलेले वळण एकाएकी सुटत नाही. अमेरिकेत असा कर नव्हता, पेट्रोल स्वस्त होते, रस्ते रुंद व सरळ होते. फोर्डने १९३२ सालीच सामान्य माणसाच्या मोटारीत आठ सिलिंडरांचे इंजिन घातले होते. बारडोलीच्या सत्याग्रहाचे मूळही सारावाढीत होते. सरकार कशावर कर बसविते याचा परिणाम शेतापासून सिलिंडरापर्यंत कसा पोहोचतो, हे पाहण्यासारखे आहे.

युद्धकाळात इंग्लंडमध्ये राहिलेल्या अमेरिकन सैनिकांना तेथल्या एमजीसारख्या चिमुकल्या मोटारींची गोडी लागली. १९६१ साली जग्वारची ई-टाइप आली. ३.८ लिटरचे, सहा सिलिंडरांचे, २६५ अश्वशक्तीचे इंजिन, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि मागची दोन्ही चाके एकमेकांपासून स्वतंत्रपणे वरखाली होणारी.

अमेरिकेचे उत्तर आले ते काहीसे आडवाटेने. जनरल मोटर्सने मध्यम आकाराच्या गाडीत सुमारे ५.४ लिटरपेक्षा मोठे इंजिन घालू नये असा स्वतःलाच नियम घातला होता. तिच्याच पोंटिॲक विभागातील जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवी गाडी काढलीच नाही. चालू टेम्पेस्ट गाडीस सुमारे ३०० डॉलरचा ऐच्छिक साज म्हणून मोठे इंजिन देऊ केले आणि नियम चुकविला. पाच हजार गाड्या खपतील असा अंदाज होता. पहिल्या वर्षी ३२ हजारांहून अधिक खपल्या. नाव मात्र त्यांनी सरळ इटलीच्या फेरारीचे उचलले.

त्या नावाचीच पुढे गंमत झाली. मार्च १९६४ मध्ये ‘कार अँड ड्रायव्हर’ या अमेरिकन मासिकाने दोन जीटीओंची तुलना छापली: एक पोंटिॲक, दुसरी फेरारी. वस्तुतः दोन्ही गाड्या एकत्र धावल्याच नव्हत्या. पोंटिॲकने शून्यापासून ताशी साठ मैलांचा वेग ४.६ सेकंदांत गाठल्याचे त्यात छापले होते. ही गाडी नेहमीची नव्हती. तिच्यात सुमारे ६.९ लिटरचे इंजिन बसविले होते, हे पोंटिॲकच्या जाहिरातीचे काम पाहणाऱ्या जिम वँगर्स यांनी पुष्कळ वर्षांनी सांगितले. तोवर वाद घालणाऱ्यांच्या दोन पिढ्या त्या आकड्यावर पोसल्या होत्या.

अश्वशक्तीच्या आकड्याचेही तसेच. १९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या इंजिन गाडीबाहेर ठेवून, पंखा, जनित्र, धुराड्याची नळी असे सारे ओझे काढून शक्ती मोजीत आणि तीच जाहीर करीत. १९७२ पासून गाडीत असते तशा अवस्थेतील मोजणी रूढ झाली. शेव्हरोले कॉर्व्हेटच्या साध्या इंजिनाची शक्ती १९७१ साली २७० अश्वशक्ती होती, ती पुढील साली २०० झाली. इंजिन जवळजवळ तेच होते. माप बदलले होते.

परंतु सर्वांत महत्त्वाचा प्रश्न गाडी कशी धावते हा नसून कशी थांबते हा आहे, आणि जाहिरातीत त्याला जागा नव्हती. दीड हजार किलोंहून जड अशा त्या पहिल्या पोंटिॲकला चारही चाकांस जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक होते. ड्रममध्ये घर्षणाची उष्णता कोंडते. एकदा-दोनदा जोराने ब्रेक दाबला की तो तापतो आणि त्याची पकड ढिली पडते. डिस्क ब्रेकची चकती उघड्या हवेत फिरते, म्हणून लवकर निवते. शिवाय पोंटिॲकची मागची चाके बैलगाडीच्या कण्याप्रमाणे एकाच आडव्या दांड्यावर होती. एक चाक खड्ड्यात गेले की दुसऱ्याचीही बसक बदले. पाव मैलाच्या सरळ शर्यतीत याने बिघडत नाही. पण उसाचे ट्रॅक्टर, सायकली आणि अचानक आडवी येणारी म्हैस अशा बारडोलीच्या रस्त्यावर, २६५ अश्वशक्तीची पण थांबणारी गाडी ३२५ अश्वशक्तीच्या न थांबणाऱ्या गाडीहून केव्हाही बरी, असा कौल द्यावा लागेल.

आपल्याकडे या वादाचा निकाल मुंबईत, वेगळ्याच मैदानावर लागला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात आरंभी क्रायस्लर कंपनीच्या डॉज व प्लिमथ या लांबरुंद गाड्या जुळविल्या जात. पुढे तेथेच १०८९ घनसेंटिमीटर इंजिनाची इटालियन फियाट ११०० बनू लागली. मसल कार आणि स्पोर्ट्स कार यांपैकी कोणीच येथे नव्हते, पण मोठे इंजिन आणि लहान इंजिन हा झगडा तोच. टॅक्सीवाल्याने पेट्रोलचा हिशेब केला आणि फियाट जिंकली. पद्मिनी या नावाने तिच्या वंशजांनी २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत मुंबईत भाडी मारली.

अमेरिकेत मसल कारला उतरती कळा लागली ती विम्याचे वाढते हप्ते, १९७० चा हवाशुद्धीचा कायदा आणि १९७३ ची तेलटंचाई यांमुळे. आज जुना भेदही उरलेला नाही. २०१६ साली भारतात विक्रीस आलेल्या फोर्ड मस्टँगची मागची चाके ई-टाइपप्रमाणे स्वतंत्र होती आणि चारही चाकांस डिस्क होत्या.

उसाचा संबंध मात्र नव्याने आला आहे. पहिल्या पोंटिॲकमध्ये पेट्रोल-हवेचे मिश्रण पावणेअकरा पटीने दाबले जाई. एवढ्या दाबाखाली साधे पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोके देते, म्हणून त्या काळी त्यात शिशाचे विषारी संयुग मिसळीत. भारतात ते २००० साली बंद झाले. उसापासून निघणारे इथेनॉलही ठोके रोखते, आणि आता पंपावरील पेट्रोलमध्ये ते २० टक्क्यांपर्यंत असते. त्याची उष्णता पेट्रोलहून एकतृतीयांशाने कमी, त्यामुळे गाडी लिटरमागे थोडी कमी धावते. साठ वर्षांपूर्वीची गाडी, अमेरिकन असो वा युरोपीय, त्यावर चालवावयाची असेल, तर आधी तिच्या इंधनाच्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधील रबराचे भाग बदलून घ्यावे लागतात. इथेनॉलने ते फुगतात आणि चिरतात.