आग अडवणारे दार

दार माणसांना वाट देते, तसेच नको त्यास अडवतेही. आगीच्या प्रसंगी ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात. माणसांना बाहेर पडू देणारे, परंतु ज्वाळा व धूर यांना ठरावीक काळ रोखून धरणारे दार म्हणजे अग्निरोधक दार होय.

१ ऑगस्ट २०२२ रोजी जबलपूर शहरातील एका खाजगी रुग्णालयास आग लागून आठ जणांचा मृत्यू झाला. तेथे ये-जा करण्याचा मार्ग एकच होता. याच जिल्ह्यातील पाटनसारख्या लहान शहरांतील दवाखाने, शाळा आणि मंगल कार्यालये यांनीही या घटनेपासून बोध घ्यावयास हवा. दार कितीही उत्तम असले, तरी दुसऱ्या वाटेची उणीव ते भरून काढू शकत नाही.

साधे पातळ लाकडी दार लवकर जळते, तर नुसत्या पत्र्याचे दार तापून उष्णता पलीकडे पोहोचवते. म्हणून अग्निरोधक पोलादी दारात दोन पत्र्यांच्या मध्ये उष्णतारोधक द्रव्य भरतात. कडेची विशिष्ट पट्टी उष्णतेने फुगते व फट बुजवते. धुरासाठी निराळी पट्टी असते. कारण आगीत अनेकांचा जीव ज्वाळांपेक्षा धुरानेच जातो.

दार निवडताना ते किती मिनिटे टिकते, हे प्रथम पाहावे. ३०, ६० व १२० मिनिटे असे त्याचे प्रकार असतात. भारतीय मानक ब्यूरोचे आय.एस. ३६१४ हे मानक अशा दारांसाठी आहे. चौकट, झडप, बिजागऱ्या आणि कडी यांची चाचणी एकत्रितपणे झालेली असावी. बाहेर पडण्याचे दार किमान एक मीटर रुंद असावे आणि आतून किल्लीवाचून उघडावे, अशी राष्ट्रीय इमारत संहितेची अपेक्षा आहे.

जुने दार भरीव व सुस्थितीत असल्यास तज्ज्ञांच्या सल्ल्याने पट्ट्या आणि आपोआप बंद करणारे साधन बसवून त्यात सुधारणा करता येते. पोकळ दार मात्र बदलणेच इष्ट. केवळ रंग दिल्याने ते अग्निरोधक होत नाही.

एवढे करूनही वाऱ्यासाठी दाराखाली वीट सरकवून ते उघडे ठेवले, तर सारा खर्च व्यर्थ ठरतो. उघडे अग्निरोधक दार धुराला अडवत नाही. बाहेरून कुलूप लावलेले दार माणसांना सोडत नाही. या दोन्ही चुका टाळणे प्रत्येकाच्या हाती आहे.