शिकारीचे रान आणि आपला गल्ला

मुंबईहून दिल्लीकडे जाणारी गाडी कोटा ओलांडून पुढे गेली की सवाई माधोपूर लागते. त्यापुढे आपल्या समाजातील असंख्य यात्रेकरू जेथे उतरतात ते श्री महावीरजी, आणि त्याही पुढे भरतपूर. तीर्थाच्या एका अंगाला वाघांचे रणथंभोर, तर दुसऱ्या अंगाला पाणपक्ष्यांचे केवलादेव. महावीरजींच्या मंदिराजवळून वाहणाऱ्या गंभीर नदीचे पाणीच पूर्वापार भरतपूरच्या पाणथळीला मिळत आले. आज ही दोन्ही राष्ट्रीय उद्याने आहेत. परंतु पूर्वी ती संस्थानिकांची शिकारीसाठी राखलेली राने होती. ज्या भूमीवर भगवंतांच्या दर्शनाला आपण जातो, तिच्या दोन्ही कडांना बंदुकीचा आवाज घुमत असे.

रणथंभोर हे अरवली आणि विंध्य या दोन पर्वतरांगांच्या संगमावरचे डोंगराळ वन. धोक वृक्षांनी झाकलेले उतार, मध्ये तलाव आणि माथ्यावर प्राचीन किल्ला. जयपूरच्या महाराजांचे पाहुणे येथे वाघाच्या शिकारीला येत. वाघाला भुलविण्यासाठी रेडकू बांधले जाई, पाहुणा मचाणावर बसे, आणि हाकारे ढोल-डबे वाजवीत भ्यालेल्या वाघाला नेमके बंदुकीच्या टप्प्यात आणीत. याला शौर्य म्हटले जाई. १९५५ मध्ये येथे अभयारण्य झाले, तरी शिकार थांबली नाही. जानेवारी १९६१ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या भारतभेटीत त्यांचे पती प्रिन्स फिलिप यांनी याच परिसरात वाघ मारला.

भरतपूरचे चित्र याहून विदारक होते. हिवाळ्यात उत्तरेकडून हजारो कोसांचा प्रवास करून आलेली तलवार बदके, थापटे, चक्रवाक येथे उथळ पाण्यात विसावत. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ झालेल्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. हा आकडा कोणी लपविला नाही; उलट तो अभिमानाने दगडावर कोरला गेला. केवलादेव मंदिराजवळ तो शिलालेख आजही उभा आहे. तो वाचताना मन सुन्न होते.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९७३ चा व्याघ्र प्रकल्प यांनी हे दृश्य बदलले. पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत रणथंभोरचा समावेश झाला. त्याहून हृद्य आहे ती एका माणसाची कथा. १९६१ च्या त्या राजेशाही शिकारीच्या व्यवस्थेत फतेहसिंह राठोड हे तरुण वनाधिकारी होते. पुढे तेच रणथंभोरच्या वाघांचे सर्वांत निष्ठावान रक्षक ठरले. १९८१ मध्ये त्यांच्यावर जीवघेणा हल्ला झाला. बरे होऊन ते पुन्हा त्याच रानात कामाला लागले. वाघाची चाहूल घेणारी नजर तीच, संयम तोच. बदलला तो केवळ हेतू. शिकारीला सप्त व्यसनांत गणणाऱ्या आपल्या परंपरेने हे लक्षात घ्यावे, की व्यसन सुटू शकते, आणि सुटले की तेच कौशल्य जीवदयेच्या कामी येते.

कथा येथेच संपली असती तर किती बरे झाले असते! परंतु २००४-०५ मध्ये राजस्थानातीलच सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. तेथे कोणी महाराजा मचाणावर बसला नव्हता, की हाका घातला गेला नव्हता. कातडी आणि हाडे विकली जात होती, म्हणून चोरटी शिकार होत होती. २००८ मध्ये रणथंभोरचे वाघ हेलिकॉप्टरने नेऊन सरिस्कात पुन्हा सोडावे लागले. याचा अर्थ असा, की छंदाची शिकार कायद्याने थांबली. व्यापाराची शिकार मात्र थांबली नाही. आणि व्यापार म्हटला की प्रश्न आपल्या दारात येतो.

आपल्या आचार्यांनी हे फार पूर्वी जाणले होते. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत ‘दंतवाणिज्य’ आहे. हस्तिदंतच नव्हे, तर नखे, कातडी, हाडे अशा प्राण्यांच्या अवयवांचा व्यापार त्यात येतो. प्राचीन टीकाकारांनी कारणही दिले आहे. व्यापाऱ्याने आगाऊ रक्कम दिली की तो लवकरच माल न्यायला येणार, म्हणून रानातील लोक हत्ती मारतात. हातात शस्त्र त्यांचे, पण मृत्यूची मागणी व्यापाऱ्याची. मागणीतून पुरवठा निर्माण होतो, हे बाजाराचे सूत्र आपल्या धर्मग्रंथांनी पापपुण्याच्या हिशेबात कधीच मांडून ठेवले होते.

“आम्ही तर धान्य-कापडाचे व्यापारी, आमचा शिकारीशी काय संबंध?” असे कोणी म्हणेल. तर थोडे आसपास पाहू. लक्ष्मी स्थिर राहावी म्हणून काही दुकानांच्या गल्ल्यात ‘हत्थाजोडी’ ठेवतात. ती दुर्मीळ वनस्पतीची मुळी आहे, असे सांगून विकली जाते. प्रत्यक्षात तो घोरपडीला मारून काढलेला व वाळविलेला अवयव असतो. शुभ म्हणून दिली जाणारी ‘सियारसिंगी’ कोल्ह्याच्या नावाने विकतात. चित्रकलेचे काही ब्रश मुंगसाच्या केसांचे असतात. लग्नाच्या अहेरात मिरविली जाणारी शाहतूशची शाल तिबेटच्या पठारावरील चिरू नावाचे हरिण मारल्याशिवाय विणताच येत नाही. हे सर्व प्राणी कायद्याने संरक्षित आहेत. घोरपडीच्या अवयवांच्या व्यापाराला तर किमान तीन वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. पण शिक्षेच्या भयापेक्षा मोठी गोष्ट ही, की जो हात रोज सकाळी देवपूजा करतो, तोच हात नकळत एका शिकारीची किंमत मोजतो.

याउलट आपल्या दिगंबर मुनींच्या हातातील पिच्छी पाहावी. मोराने स्वतः गाळलेल्या पिसांचीच ती बनते. निसर्गाने आपण होऊन दिले तेवढेच घ्यावे, ही मर्यादा तिच्यात आहे. तोच नियम दुकानासाठी लावायला अवघड नाही. कोणती वस्तू कशापासून झाली, हे माल देणाऱ्याला विचारावे. उत्तर मिळाले नाही तर माल परत करावा. एका दुकानदाराने नकार दिला तर फरक कदाचित पडणार नाही. पण पेठेतील दहा दुकानांनी दिला, तर माल आणणारा पुन्हा येण्यापूर्वी विचार करील.

दिवाळी हा भगवान महावीरांचा निर्वाणदिन, आणि आपल्या वहीपूजनाचाही. त्या दिवशी नवी वही मांडण्यापूर्वी जुना गल्ला एकदा रिकामा करून पाहावा. कोपऱ्यात कुंकू लावलेली ती ‘मुळी’ सापडली, तर ती शुभ नाही हे घरातील मुलांना सांगावे आणि वनखात्याच्या स्वाधीन करावी. लक्ष्मीला तिची गरज नाही. आणि आपल्या वहीच्या पहिल्या पानावर कोणाचा जीव जमा धरलेला नसावा, एवढेच पुरे.