आधी नमस्कार, मग हात सोडवणे

"मॅडम, लाथाबुक्क्या शिकवा, पण आमच्या पोरीला उद्धट करू नका हं!" प्रवेशाच्या दिवशी मुलींचे पालक हे वाक्य या ना त्या स्वरूपात बोलतातच. काही मराठीत बोलतात, काही कन्नडमध्ये, आणि आपल्या बेळगावच्या रीतीप्रमाणे बरेच जण अर्धे या भाषेत नि अर्धे त्या भाषेत. अर्थ मात्र एकच. मुलीला स्वतःचे रक्षण करता यावे, पण तिने मोठ्यांपुढे मान वर करू नये.

गेली वीस वर्षे मी तायक्वांदो आणि हापकिदो हे कोरियन प्रकार शिकवते. पालकांच्या या दोन अपेक्षा जुळू शकतात असे माझे मत आहे. फक्त त्या जुळवायच्या तर शिष्टाचार म्हणजे काय, हे आपल्याला एकदा नीट तपासून घ्यावे लागेल. आजचा लेख त्यासाठीच.

दोन विद्या, दोन स्वभाव

'ते' म्हणजे पाय, 'क्वान' म्हणजे मूठ आणि 'दो' म्हणजे मार्ग. तायक्वांदो हे नाव १९५५ मध्ये जनरल चोई होंग ही यांनी सुचवले. १९१० ते १९४५ या जपानी अंमलानंतर कोरियात निरनिराळ्या युद्धकलांच्या शाळा निघाल्या होत्या, त्यांना या एका नावाखाली आणण्याचा तो प्रयत्न होता. १९७२ मध्ये सोलमध्ये कुक्कीवॉन हे मुख्य केंद्र उभे राहिले. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रात्यक्षिक म्हणून आला आणि २००० मध्ये सिडनीत पदकांचा झाला.

हापकिदोची कहाणी वेगळी. चोई योंग-सुल नावाचे गृहस्थ जपानमध्ये बरीच वर्षे काढून महायुद्धानंतर कोरियातील देगू शहरी परतले. १९४८ मध्ये एका मद्यनिर्मिती कारखान्याच्या दारात, डुकरांच्या खाद्यासाठी धान्याचा चोथा घेण्याच्या रांगेत त्यांचे कोणाशी तरी भांडण झाले. अंगावर आलेल्यांना त्यांनी फारसे न मारता, नुसते हात वळवून लोळवले. कारखान्याच्या मालकाचा मुलगा सुह बोक-सब हे पाहत होता. त्याने चोईंना आत बोलावून शिकवण्याची विनंती केली, आणि तोच त्यांचा पहिला शिष्य ठरला, असे हापकिदोवाले सांगतात. 'हाप' म्हणजे जुळणे, 'कि' म्हणजे प्राणशक्ती. समोरच्याच्या जोराला जोराने अडवायचे नाही, वर्तुळात फिरायचे आणि पाण्यासारखे वाट काढत जायचे, ही त्याची तीन तत्त्वे.

मी दोन्ही का शिकवते? ऑलिंपिकच्या तायक्वांदोत प्रतिस्पर्ध्याला हाताने धरणे हा दोष मानतात आणि तोंडावर ठोसा मारायला मनाई आहे. रस्त्यावर किंवा बसमध्ये मात्र त्रासाची सुरुवात बहुधा धरण्यापासूनच होते. म्हणून पदकासाठीच्या उंच लाथा वेगळ्या आणि 'होसिनसुल', म्हणजे स्वसंरक्षणाचे तंत्र, वेगळे. मुलगी राज्यस्तरावर खेळली म्हणजे तिला मनगट सोडवता येईलच, असे समजू नका.

वाकतात ते दोघेही

आमच्या वर्गात पहिला आठवडा लाथ नसते. दारात वाकायचे, मग आत यायचे. 'चार्योत' म्हटले की सावधान आणि 'क्योंगने' म्हटले की कमरेतून नमस्कार. पट्टा सैल झाला तर समोरच्याकडे पाठ वळवून तो नीट करायचा. वस्तू देता-घेताना दोन्ही हात वापरायचे. शिक्षकाला 'साबोमनिम' म्हणायचे. यातला 'निम' म्हणजे आपला 'जी', कन्नडमधला 'अवरु'. कोरियन भाषेत थोरांशी बोलताना क्रियापदाचे रूपच बदलते. 'तू-तुम्ही' आणि 'नीनु-नीवु' घरीच ऐकत वाढलेल्या आपल्या मुलांना हे पटकन उमगते, वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

तायक्वांदोच्या एका मोठ्या परंपरेत पाच गुण सांगितले आहेत. सौजन्य, सचोटी, चिकाटी, संयम आणि अजिंक्य वृत्ती. त्यात पहिला क्रमांक सौजन्याचा, म्हणजे 'येउई'चा. पालक हे ऐकून खूश होतात. पण एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटते. विद्यार्थी वाकतो तेव्हा शिक्षकही वाकतो. जोडीने सराव करणारे दोघे एकमेकांना वाकतात, मग एकाचा पट्टा पांढरा असो नि दुसऱ्याचा काळा. "मी तुझ्या अंगाला हात लावणार आहे, तुझी तयारी आहे ना?" हा प्रश्न आणि त्याचे उत्तर या नमस्कारात येते.

आणि दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. हापकिदोत सांधे वळवण्याचे डाव असतात. वेदना मर्यादेबाहेर जातेय असे वाटले की ज्याच्यावर डाव चालू आहे त्याने हाताने गादीवर किंवा जोडीदाराच्या अंगावर थाप मारायची. थाप पडली की दुसऱ्याने त्याच क्षणी सोडायचे. "अजून थोडे सहन कर" म्हणायचे नाही. आठ वर्षांच्या मुलीने थाप मारली तर काळ्या पट्ट्यालाही थांबावे लागते. माझ्या दृष्टीने हाच या विद्येतला खरा शिष्टाचार. ज्या आदरात धाकट्याला 'थांबा' म्हणायची सोय नाही, तो आदर नव्हे, नुसता धाक आहे.

हा धाक कोरियातही आहेच. २०१९ च्या जानेवारीत तिथल्या एका ऑलिंपिक सुवर्णविजेत्या स्केटिंगपटूने आपल्या प्रशिक्षकावर लैंगिक अत्याचाराचा आरोप केल्याचे उघड झाले. अल्पवयीन असल्यापासून ती हे सोसत होती. २०२१ मध्ये त्या प्रशिक्षकाला तुरुंगवासाची शिक्षा झाली. गुरूपुढे वाकणे सर्वांना शिकवले होते, थाप मारायची सोय मात्र कोणी ठेवली नव्हती.

अंगठ्याची फट

आता थोडे प्रत्यक्ष तंत्र. कोणी मनगट धरले की आपण सरळ मागे ओढतो. त्याने पकड आणखी घट्ट होते. पकडीत चार बोटे एका बाजूला आणि अंगठा दुसऱ्या बाजूला असतो. दोन्ही जिथे भेटतात तिथे फट असते. मुठीत आडवी धरलेली लाकडी पट्टी सहज निघत नाही, पण कडेवर फिरवली की त्या फटीतून सटकते. तसेच मनगट फिरवून त्याची अरुंद बाजू फटीकडे आणायची, गुडघे किंचित वाकवायचे, कोपर समोरच्याच्या कोपराच्या दिशेने न्यायचे आणि झटक्यात बाहेर. पाऊल मागे नाही, आधी थोडे पुढे. मोकळे झाले की दोन हात अंतर, मोठा आवाज आणि माणसे असतील त्या दिशेने पळ. पळणे हा आमच्याकडे डावच आहे, त्यात लाज नाही. समोर चाकू असेल तर पर्स देऊन टाकायची. जीव वाचला की पर्स पुन्हा घेता येते.

हे एकदा पाहून येत नाही. निरनिराळ्या उंचीच्या, निरनिराळ्या ताकदीच्या जोडीदारांबरोबर शेकडो वेळा करावे लागते. दोन दिवसांच्या शिबिरात ओळख होते, सवय होत नाही.

"काका, हात काढा"

सर्वांत कठीण जाते ते ओरडणे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत अनेक वर्षे दिसून आले आहे, की बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. म्हणजे ज्याला नमस्कार करायला आपण शिकवले, त्यालाच नकार द्यायची वेळ येऊ शकते.

म्हणून वर्गात आम्ही दोन्ही भाषांत सराव करतो. "काका, हात सोडा!" "काका, कै बिड्री!" आदर क्रियापदात राहू द्या, आवाज मात्र खाली नको. मुलींना हे फार सोयीचे वाटते. एकेरीवर यायची हिंमत होत नाही म्हणून गप्प बसणारी मुलगी 'तुम्ही' म्हणून खणखणीत बोलू शकते.

खानापूरकडून येणारी माझी एक विद्यार्थिनी, वय तेरा. गर्दीच्या बसमध्ये शेजारच्या माणसाचा हात नको तिथे आला. ती उठून उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "कै तेगीरि!" कंडक्टरने बस थांबवली, बायकांनी तिला आपल्यात बसवून घेतले. तिने कोणाला एक बोटही लावले नाही. घरी मात्र आजी म्हणाली, "चारचौघांत असं ओरडायचं असतं का?" तिची आई हे मला सांगायला आली तेव्हा रडत होती. पोरीला बसमध्ये लागले नाही तेवढे हे वाक्य लागले होते. आजी वाईट नव्हे. तिच्या पिढीला थाप मारायची परवानगीच कोणी दिली नव्हती. पुढच्या शनिवारी मी आजींनाच वर्गात बोलावले. अर्धा तास त्या खुर्चीत बसून पाहत होत्या. उठताना नातीला म्हणाल्या, "तेवढं मनगटाचं मला पण दाखव गं."

पालकांनी काय पाहावे

वर्ग निवडताना पट्टा किती महिन्यांत मिळतो हे विचारू नका. पंधरा वर्षांखालील मुलांना कुक्कीवॉनही 'दान' नव्हे तर 'पूम' दर्जा देते, घाई कशाला? त्याऐवजी पाहा, मुलाने थाप मारल्यावर शिक्षक थांबतात का? चूक दाखवताना अंगाला हात लावण्याआधी विचारतात का? पालकांना बसून पाहू देतात का? जिथे पाहू देत नाहीत, तिथे मुलांना पाठवू नका.

मुलांना कायदाही सांगा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क दिला आहे, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करता येणार नाही ही मर्यादाही घातली आहे. हात सुटल्यावर पाठलाग करून मारणे हे स्वसंरक्षण नव्हे. ११२ आणि मुलांसाठीचा १०९८ हे क्रमांक पाठ असू द्या.

आणि सुरुवात घरापासून करा. पाहुण्यांना नमस्कार करायला जरूर सांगा, पण मांडीवर बसायला, गालगुच्चा सोसायला भाग पाडू नका. गुदगुल्या करताना मूल हसत हसत "बस" किंवा "साकु" म्हणाले तरी लगेच हात काढा. आपण म्हटले की समोरचा थांबतो, हे ज्या मुलाने घरी रोज अनुभवले आहे, त्याला बाहेर कोणी थांबत नसेल तर त्यात काहीतरी गैर आहे हे चटकन कळते.