‘व्होडू’ : अर्थ आणि अनुवाद

‘व्होडू’ या शब्दासाठी ‘जादूटोणा’ हा पर्याय योजणे म्हणजे गुलामांच्या मेळाव्यांना भिणाऱ्या मळेवाल्यांची दृष्टी अनुवादात उतरविणे होय. पश्चिम आफ्रिकेतील दाहोमी राज्यात, म्हणजे आजच्या बेनिनमध्ये, फोन भाषेत ‘व्होदुन’ म्हणजे देवता. गुलामांच्या जहाजांतून या देवता कॅरिबियन समुद्रातील सँ-दोमँग या फ्रेंच वसाहतीत पोचल्या. तेथे १६८५ च्या राजाज्ञेने गुलामांवर कॅथॉलिक बाप्तिस्मा लादला. परंतु संतांच्या तसबिरींत त्यांनी आपलीच दैवते ओळखली. संत पॅट्रिकच्या चित्रात साप दिसताच सर्पदेव दांबालाची पूजा तेथे होऊ लागली. १८०४ मध्ये ही वसाहत हैती या नावाने स्वतंत्र झाली. क्यूबातील सांतेरिया व ब्राझीलमधील कांदोम्ब्ले यांचीही घडण अशीच झाली. मात्र त्यांत योरुबा परंपरा प्रबळ आहे.

देवता ज्याच्या अंगात येते त्याला हैतीत ‘घोडा’ म्हणतात, मराठीत ‘झाड’. तथापि अनुवादकाने ‘घोडा’च राखावा, कारण स्वार झालेल्या देवतेची कल्पना त्या शब्दातच आहे. २००३ मध्ये हैतीच्या शासनाने व्होडूला धर्म म्हणून मान्यता दिली. अनुवादानेही त्याला धर्माचीच भाषा द्यावी, हे न्याय्य होय.