‘आपली गाडी आपल्या हातात’ हे समाधान खोटं आहे

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा रस्ता सलग झाला. त्यानंतर बरोबर आठवड्याने, १२ जूनला, अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान उडाल्यावर काही क्षणांतच कोसळलं. या दोन बातम्या विदर्भातल्या घरांत एकमेकींत अशा मिसळल्या, की लग्नकार्य असो, दिवाळीची सुट्टी असो किंवा मुंबईतल्या लेकीकडे जायचं असो, एकच वाक्य कानावर येतं : ‘विमानाचा काही भरवसा राहिला नाही. त्यापेक्षा आपली गाडी बरी, स्टिअरिंग तरी आपल्या हातात असतं.’

हे बोलणारी माणसं काळजीपोटी बोलतात. मागच्या सीटवर आईवडील असतात, लेकरं असतात. म्हणूनच हा गैरसमज निरुपद्रवी मानून सोडून देता येत नाही. यातून घेतलेला निर्णय घरच्यांना कमी नव्हे, कितीतरी जास्त धोक्यात घालतो.

आधी विमानांचा हिशेब मांडू. जुलै २००० मध्ये पाटण्याला अलायन्स एअरचं विमान कोसळलं आणि जमिनीवरच्या पाच जणांसह ६० माणसं गेली. त्यानंतर २०२५ संपेपर्यंत भारतीय कंपन्यांच्या नियमित प्रवासी विमानांना जीवघेणे मोठे अपघात झाले ते तीन : २०१० मध्ये मंगळूर (१५८ मृत्यू), २०२० मध्ये कोळिकोड (२१) आणि २०२५ मध्ये अहमदाबाद (जमिनीवरचे १९ धरून २६०). बेरीज ४३९. यातली पहिली दोन विमानं दुबईहून येत होती, तिसरं लंडनला निघालं होतं. म्हणजे पाटण्यानंतरच्या पंचवीस वर्षांत देशातल्या देशात, एका भारतीय शहरातून दुसऱ्या भारतीय शहरात जाणारं एकही नियमित प्रवासी विमान कोसळून माणूस दगावलेला नाही. नागपूर–मुंबई विमान याच प्रकारात मोडतं. २०२४ या एका वर्षात अशा देशांतर्गत विमानांनी १६ कोटींहून जास्त प्रवासी नेले. भाड्याची छोटी विमानं, प्रशिक्षणाची विमानं आणि हेलिकॉप्टर यांचे अपघात वेगळे. त्यांची बातमी वाचून इंडिगोचं तिकीट रद्द करण्यात अर्थ नाही.

आता रस्ता. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. रोजची सरासरी ४६२. पंचवीस वर्षांत विमान अपघातांनी जितके बळी घेतले, त्याहून जास्त रस्त्यांवर एका दिवसात गेले.

यावर हटकून येणारा आक्षेप असा, की रस्त्यावर मरणारे बहुतेक दुचाकीवाले आणि पायी चालणारे असतात, मोटारीतले नव्हे. आक्षेप रास्त आहे, म्हणून तोही हिशेबात धरू. मोटारी, टॅक्सी, व्हॅन अशा वाहनांतल्या मृतांचा वाटा त्या वर्षी साडेबारा टक्क्यांच्या आसपास होता, म्हणजे सुमारे २१ हजार माणसं. दिवसाला सत्तावन्न-अठ्ठावन्न. विमानांचा पंचवीस वर्षांचा आकडा नुसत्या मोटारी आठ दिवसांत गाठतात.

दुसरा आक्षेप : मोटारीने जाणारे जास्त, विमानाने जाणारे कमी, मग तुलना कशी करायची? तीही झालेली आहे. मिशिगन विद्यापीठाचे मायकेल सिवाक आणि मायकेल फ्लॅनागन यांनी २००३ मध्ये ‘अमेरिकन सायंटिस्ट’मध्ये तेवढ्याच अंतराची तुलना मांडली. त्यांनी मोटारीच्या बाजूने तिथले सर्वांत सुरक्षित रस्ते धरले होते, शहराबाहेरचे आंतरराज्य महामार्ग. तरीही सरासरी लांबीच्या थेट विमान प्रवासाच्या तुलनेत तितकंच अंतर मोटारीने कापण्यात मृत्यूचा धोका सुमारे ६५ पट निघाला. कारण समजायला सोपं आहे. विमानातला धोका मुख्यतः उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी असतो, मधलं अंतर वाढलं म्हणून तो फारसा वाढत नाही. मोटारीत प्रत्येक किलोमीटर धोक्यात भर घालतो. त्यामुळे पल्ला जितका लांब, तितकं विमानाचं पारडं जड. सातशे किलोमीटर हा लांबच पल्ला आहे.

विमानाला घाबरून लोक रस्त्यावर आले की काय होतं, हेही जगाने पाहिलं आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर लाखो अमेरिकनांनी विमान टाळून गाडी काढली. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर यांनी पुढच्या बारा महिन्यांचे रस्त्यांवरचे आकडे तपासले आणि २००६ मध्ये अंदाज मांडला, की या एका निर्णयामुळे नेहमीपेक्षा सुमारे १,५०० माणसं जास्त मेली. हल्ल्यातल्या चारही विमानांत मिळून होते त्याच्या कितीतरी पट हे बळी, आणि त्यांची बातमी कुठे मोठ्या अक्षरांत छापून आली नाही. रस्त्यावरचा मृत्यू आतल्या पानावर, दोन-चार ओळींत येतो. विमान कोसळलं की महिनाभर टीव्हीवर तेच दिसतं. भीती त्या दृश्यांनी ठरते, शक्यतेने नाही.

राहिला ‘स्टिअरिंग आपल्या हातात’ हा मुद्दा. हात कुणाचे, ते तपासू. वैमानिक दोन असतात. त्यांनी किती तास उडायचं, किती तास झोपायचं हे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय ठरवतं. आठवड्याची सलग विश्रांती पूर्वी ३६ तास होती, जुलै २०२५ पासून नियम ४८ तासांचा झाला. उड्डाणाआधी श्वासाची चाचणी होते आणि तिथे मद्याचा अंशही चालत नाही. आता आपल्याकडे गाडी कशी निघते ते पाहा. घरातला कर्ता माणूस सकाळी सहाला उठलेला, दिवसभर दुकानात किंवा ऑफिसात राबलेला. जेवणं आटोपून, डब्यात पोळ्या बांधून, रात्री दहाला गाडी निघते, ‘रात्री रस्ता मोकळा मिळतो, लेकरं झोपून जातात’ म्हणून. मध्यरात्र होते तेव्हा हा माणूस अठरा तास जागा असतो. सतरा ते एकोणीस तास जागं राहिलेल्या माणसाचं भान आणि प्रतिक्रियेचा वेग रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका किंवा त्याहून खाली घसरतो, हे प्रयोगांत दिसून आलेलं आहे. आपल्या कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. एक थेंबही न पिता तो ती ओलांडून बसलेला असतो, आणि मागच्या सीटवर सगळं घर गाढ झोपेत असतं.

समोरच्या ट्रकचं स्टिअरिंग तर आपल्या हातात कधीच नसतं.

समृद्धीबद्दल यातूनच पुढचा गैरसमज निघतो : घाट वाईट, सरळ रस्ता सुरक्षित. मंत्रालयाचाच २०२२ चा अहवाल सांगतो, की ६७ टक्के अपघात सरळ रस्त्यांवर झाले. वळणं, खड्डे आणि चढ-उतार मिळून १४ टक्क्यांच्या आत. जवळपास ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खाती नोंदले गेले. घाटात माणूस सावध असतो, हात-पाय-डोळे कामात असतात. सरळ, एकसुरी, फाटा नसलेल्या रस्त्यावर काटा १२० ला टेकतो आणि नजर समोर राहूनही मन बधिर होतं. कमी हवेच्या टायरची बाजूची भिंत वेगात सतत दबते-उघडते, आतून तापते, आणि उन्हात तापलेल्या काँक्रीटवर तास दोन तास धावल्यावर तो फुटतो. १ जुलै २०२३ च्या रात्री दीडच्या सुमारास सिंदखेडराजाजवळ याच महामार्गावर खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. तिथे घाट नव्हता.

अहमदाबादनंतर रुजलेला दुसरा समज कंपनीचा : ‘बोइंग नको, एअरबस असेल तरच तिकीट काढ.’ यामागे थोडं सत्य आहे, ते आधी मान्य करू. बोइंग ७३७ मॅक्सच्या आराखड्यात खरोखरच घातक दोष होता. एकाच संवेदकाच्या चुकीच्या आकड्यावरून विमानाची एक स्वयंचलित यंत्रणा नाक खाली दाबत राहिली आणि ऑक्टोबर २०१८ व मार्च २०१९ मधल्या दोन अपघातांत ३४६ माणसं मेली. जगभर ती विमानं जमिनीवर बसवली गेली, यंत्रणा बदलली, आणि भारतात ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांना पुन्हा परवानगी मिळाली. कंपनीवर राग असायला जागा आहे. पण त्यावरून प्रवाशाने विमान निवडावं, असं निघत नाही. अहमदाबादचं विमान बोइंग ७८७ होतं. हा प्रकार २०११ पासून प्रवासी वाहतूक करतोय आणि त्या दिवसापर्यंत त्यात अपघाताने एकही प्रवासी मेला नव्हता. चौकशीच्या प्राथमिक अहवालात दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच उड्डाणानंतर एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेल्याची नोंद आहे. ते का गेले, हे त्या अहवालाने ठरवलेलं नाही. विमानाच्या आराखड्यात दोष सापडला, असंही त्यात म्हटलेलं नाही. मंगळूरचं विमानही बोइंगच होतं. तिथे सहवैमानिक ‘पुन्हा वर घ्या’ असं सांगत असताना कॅप्टनने उतरणं सोडलं नाही, हे चौकशीत निघालं. आणि मे २०२० मध्ये कराचीला कोसळलेलं, ज्यात ९९ पैकी ९७ जण गेले, ते एअरबस ए-३२० होतं. विमानाचा प्रकार आयत्या वेळी कंपनी बदलतेही. तिकिटावर जे लिहिलंय तेच दारात उभं असेल, याची खात्री नाही. बघायचंच असेल तर सामान किती नेता येतं आणि पाय मोकळे राहतील का, ते बघा.

किरकोळ समज थोडक्यात. ‘पंख्याचं विमान म्हणजे जुनं’ : एटीआरचा पंखा फिरवणारं इंजिन जेट विमानातल्यासारखंच टर्बाइन असतं, आणि छोट्या धावपट्टीसाठी ते जास्त सोयीचं. ‘इंजिनं बंद पडली की विमान दगडासारखं खाली येतं’ : ऑगस्ट २००१ मध्ये एअर ट्रान्सॅटचं एअरबस ए-३३० अटलांटिकवर इंधन संपल्यावर सुमारे १९ मिनिटं तरंगत अझोर्स बेटांवर उतरलं, आत ३०६ जण होते, सगळे वाचले. ‘विमान अपघातात कुणी वाचत नाही’ : कोळिकोडला १९० पैकी १६९ वाचले, आणि २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर पेटलेल्या जपान एअरलाइन्सच्या विमानातून सर्वच्या सर्व ३७९ जण बाहेर पडले, कारण लोकांनी बॅगा मागे सोडल्या. ‘अकरा-ए सीट मागा’ : अहमदाबादला त्या सीटवरचा एकच प्रवासी वाचला, पण ती सीट प्रत्येक विमानात वेगळ्या जागी असते. ‘हवेच्या धक्क्यांनी पंख तुटतो’ : ७८७ च्या चाचणीत पंखाची टोकं सुमारे २५ फूट वर वाकवली होती, तो तुटला नाही. धक्क्यांत धोका असतो तो पट्टा न लावलेल्या माणसाला. २०२२ मध्ये मुंबई–दुर्गापूर विमानात जखमी झालेला एक प्रवासी पुढे दगावला. पट्ट्याचा दिवा विझला तरी सीटवर असेपर्यंत पट्टा लावूनच ठेवा.

‘गाडीने स्वस्त पडतं’ हा मात्र गैरसमज नाही. चौघांची विमानाची तिकिटं आणि साडेचार-पाच हजारांचं पेट्रोल अधिक टोल, यात गाडी सहसा जिंकते. गावी पोहोचल्यावर हाताशी वाहन राहतं, हाही फायदा खरा. पैशासाठी किंवा सोयीसाठी गाडी काढा, त्यात वावगं काही नाही. सुरक्षिततेसाठी काढतोय, असं मात्र घरच्यांना सांगू नका.

आणि गाडी काढलीच तर मागच्या सीटकडे बघा. ‘मागे पट्ट्याची गरज नाही’ या समजाने सायरस मिस्त्री यांच्यासारखा उद्योगपती ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात, सूर्या नदीच्या पुलावर गेला. गाडी महागडी होती, मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, दोघेही दगावले. २०२२ मध्ये पट्टा न लावल्यामुळे १६,७१५ जण मेले आणि त्यांतले जवळपास निम्मे चालकाव्यतिरिक्तचे प्रवासी होते. मांडीवर घेतलेलं दहा किलोचं मूल ताशी साठच्या वेगात गाडी एकदशांश सेकंदात थांबली तर हातांना सुमारे १७० किलोच्या ओझ्याइतका हिसका देतं. कुठल्याही आईचे हात ते धरू शकत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन सक्तीचं आहे.

विमानाची भीती कितीही आकडे दाखवले तरी जात नसेल, तर नागपूरहून विदर्भ एक्स्प्रेस आहे, दुरांतो आहे. त्यांचं आरक्षण करा. गाडीच न्यायची असेल तर पुरेशी झोप काढून पहाटे निघा, टायरची हवा तपासा, आळीपाळीने चालवायला दुसरा माणूस सोबत घ्या आणि दोन तासांनी थांबा. पण दिवसभर राबलेल्या माणसाला रात्री दहाला स्टिअरिंगवर बसवू नका, ही हात जोडून विनंती.