ओक, विषारी
(लॅ. टॉक्सिकोडेंड्रॉन डायव्हर्सिलोबम, कुल–ॲनाकार्डिएसी). उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात ब्रिटिश कोलंबियाच्या दक्षिणेपासून बाहा कॅलिफोर्नियापर्यंत आढळणारे पानझडी झुडूप अथवा वेल. पाने संयुक्त व बहुधा त्रिदली असतात. दले ओकच्या पानांप्रमाणे खंडित असल्यामुळे हे नाव पडले. तथापि ओकशी (कुल–फॅगेसी) या वनस्पतीचा आप्तभाव नाही. आंबा, काजू व बिब्बा यांचा अंतर्भाव मात्र तिच्याच कुलात होतो.

पाने, खोड व मुळे यांतील रसात उरुशिओल हे तेलकट द्रव्य असते. जपानी रोगणाच्या ‘उरुशी’ या नावावरून त्यास हे नाव मिळाले. ते त्वचेतील प्रथिनांशी संयोग पावते व ग्रहणशील व्यक्तीत अधिहर्षताजन्य (ॲलर्जीमुळे होणारा) त्वचाशोथ उत्पन्न करते. पूर्वी संपर्क आलेल्या व्यक्तीस सामान्यतः १२ ते ७२ तासांत खाज, लाली, सूज व पाणीदार फोड येतात. विकार बहुधा १ ते ३ आठवड्यांत बरा होतो. फोडांतील पाण्यामुळे तो पसरत नाही.

घोड्यांना या वनस्पतीची सहसा बाधा होत नाही. ते तिचा पाला खातातही. त्यामुळेच स्वाराचा धोका वाढतो. डोंगरवाटेने जाताना झुडपांना घासून तेल घोड्याच्या केसांवर, तसेच खोगीर, रिकिबी व लगाम यांवर लागते. ते सहजी उडून जात नाही व कोरड्या वस्तूंवर महिनोन्‌महिने बाधक राहू शकते. परिणामी झुडपास स्पर्शही न केलेल्या व्यक्तीस खरारा करताना किंवा खोगीर उतरविताना बाधा होते. साज न धुतल्यास ती पुनःपुन्हा उद्भवते आणि विकारच पसरत असल्याचा गैरसमज होतो.

प्रतिबंधासाठी रबरी हातमोजे घालून घोड्यास साबणाने धुतात, साज पुसून स्वच्छ करतात व कपडे वेगळे धुतात. स्वाराने उघडी त्वचा शक्य तितक्या लवकर साबण व भरपूर पाण्याने धुणे आवश्यक असते. विलंब झाल्यास तेल त्वचेत शिरते. हिवाळ्यातील पर्णहीन फांद्याही बाधक असतात. झुडपे जाळणे विशेष धोक्याचे असते, कारण धुराबरोबर उरुशिओल श्वसनमार्गात जाऊन तीव्र शोथ होतो. सौम्य विकारात थंड पाण्याच्या घड्या व स्टेरॉइडयुक्त मलम उपयुक्त ठरते. चेहरा वा डोळे सुजल्यास किंवा श्वसनास त्रास झाल्यास त्वरित वैद्यकीय उपचार करावे लागतात.