मोकळी सोडा, वाऱ्यावर नको

परसातल्या कोंबडीला खर्च तो काय, असं आपण सहज म्हणून जातो. सकाळी खुराड्याचं दार उघडलं की ती उकिरडा उकरते, वाळवी, किडे, सांडलेले दाणे टिपते आणि दिवेलागणीला आपल्या पायानं घरी येते. गावठी कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ७० अंडी देते. पिंजऱ्यातल्या संकरित कोंबडीपुढे हा आकडा लहान आहे. पण या अंड्यांचे पैसे बहुधा घरातल्या बाईच्या हाती येतात. मुलांच्या वह्या, तेल-मीठ त्यातून भागतं.

म्हणूनच मोकळं सोडणं म्हणजे वाऱ्यावर सोडणं नव्हे. पहिले तीन-चार आठवडे पिल्लांवर घार, कावळा आणि मुंगूस टपलेले असतात. तोवर ती डालग्याखाली किंवा जाळीत ठेवावीत. रात्री खुराडं बंद हवं आणि जमिनीपासून थोडं उंच हवं. संध्याकाळी मूठभर कण्या टाकल्या, की कोंबड्यांना परतायची सवय लागते. अंड्याचं कवच पातळ येत असेल तर शिंपल्यांचा चुरा द्यावा.

खरा घात करते ती मर, म्हणजे राणीखेत रोग. मान वाकडी होते, हिरवट हगवण लागते आणि दोन-चार दिवसांत खुराडं रिकामं होतं. यावर औषध नाही. लस मात्र आहे. पिल्लू आठवड्याचं झालं की लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात टाकतात. दोन महिन्यांच्या सुमारास आर-टू-बी लस टोचतात.

अडचण वेगळीच आहे. लशीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची असते. ती बर्फात ठेवावी लागते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार? यावर उपाय एकच. साऱ्या आळीनं मिळून दिवस ठरवावा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात तसं सांगून ठेवावं. पहाटे दार उघडण्याआधी पक्षी हाताशी असतात, तेव्हाच काम उरकावं.

एकाच घरी लस टोचून भागत नाही, कारण कोंबडी कुंपण मानत नाही. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या होत्या. एकाएकी पक्षी मरू लागले तर ते खाऊ नयेत, ओढ्यात टाकू नयेत. आधी दवाखान्याला कळवावं. शेजारणीचं खुराडं वाचलं, तरच आपलं वाचेल.